राखणीचं कुत्रं दर हंगामात डुकराच्या सुळ्याने फाटतं : चूक कुठे होते आणि काय बदलायचं

भाद्रपदात मका दुधावर आला की आमच्या चोपडा-यावल पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या शेतातून तीच बातमी येते. रात्री डुकरं आली, कुत्रं अंगावर गेलं, कुत्रं फाटलं. मग टाके, इंजेक्शनं, पंधरा दिवस ओट्यावर बांधून ठेवणं. बरं झालं की पुन्हा शेतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. माझा खंड्या दोन वर्षांत तीनदा फाटला. त्याच्या आधीचा मोत्या तर गेलाच. मोत्याचं पुढे सांगतो, कारण डुकराने त्याला जेवढं लागलं होतं तेवढ्याने तो मेला नसता.

यावर गावात दोन उपाय ठरलेले असतात. एक, मोठं आणि तेज कुत्रं आणा. दोन, एकाची चार करा. मी दोन्ही केलं. कारवानी जातीचं पिल्लू आणून वाढवलं. पळायला वारा, पण अंगावर चरबी नाही आणि कातडी पातळ, पहिल्याच पावसाळ्यात मांडी उभी चिरली. मग शेजारच्या आबांची दोन आणि माझी दोन अशी चार कुत्री एकत्र सोडायला लागलो. जखमी कुत्री एकाची तीन झाली. चौघं सोबत असली की प्रत्येकाला दुसऱ्याचा जोर चढतो आणि एकटं असताना जे कुत्रं बांधावरून भुंकून थांबलं असतं, तेही उसात घुसतं.

तिसऱ्यांदा खंड्याला टाके घालून आणलं तेव्हा आबा ओट्यावर बसले होते. त्याच्याकडे बघून म्हणाले, "डुक्करनी काय करं? तूच त्याले धाडं ना भो." तेव्हा राग आला होता. नंतर विचार केला तर अख्ख्या प्रश्नाची गाठ तिथेच होती.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी राखणीच्या कुत्र्यांबद्दल लिहितो आहे, पारधीच्या म्हणजे शिकारीच्या नाही. सातपुड्याच्या पायथ्याला कुत्री घेऊन पारधीला जायची जुनी सवय आहे, ते मला ठाऊक आहे. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत नुसतं मारणं येत नाही. पाठलाग करणं, हाकून कोंडीत आणणं, फासा लावणं, आमिष ठेवणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे डुकरामागे मुद्दाम कुत्री घालणं हाच गुन्हा आहे, डुक्कर पडो न पडो. अमेरिकेत टेक्साससारख्या राज्यांत रानटी डुकरांची शिकार कुत्री घेऊन करता येते, कायद्याने चालते. तिथल्या लोकांकडून आपण शिकार घ्यायची नाही, पण एक फरक जरूर घ्यावा. ते दोन प्रकारची कुत्री वेगळी ठेवतात. एक अंतर राखून भुंकणारी आणि डुकराला एका जागी खिळवणारी, दुसरी दातांनी धरणारी. धरणाऱ्या कुत्र्यांना जाड, चिरत नाही अशा कापडाचं जाकीट आणि गळ्याला रुंद पट्टा घालतात, आणि तरीही ती मरतात.

आपलं गावठी कुत्रं जन्मतः पहिल्या प्रकारचं असतं. ते लांबून भुंकतं, मागे सरतं, पुन्हा भुंकतं. आपण अंधारात मागून "छू, छू, धर त्याला" ओरडतो आणि त्याला दुसऱ्या प्रकारचं करून टाकतो, तेही जाकिटाशिवाय.

डुक्कर मारतं कसं

हे समजल्याशिवाय पुढचं पटणार नाही. नराचे खालचे सुळे आयुष्यभर वाढत राहतात आणि वरच्या सुळ्यांवर घासून त्यांना आपोआप धार लागते. विळा दगडावर लावावा तसंच. मारताना तो डोकं खाली घेतो आणि वर झटका देतो. त्या उंचीवर कुत्र्याचं काय येतं? पोट, जांघ, छातीची खालची बाजू. शिवाय नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, कडक थर असतो, तिथे कुत्र्याचे दात रुतत नाहीत. कुत्र्याने जीव खाऊन चावा घेतला तरी डुकराला फारसं काही होत नाही आणि तेवढ्या वेळात कुत्रं फाटलेलं असतं. मादी सुळ्याने कमी मारते, तिचे सुळे आखूड असतात. ती चावते आणि सोडत नाही.

पण डुक्कर मुद्दाम भांडायला येत नाही. त्याची नजर कच्ची, नाक आणि कान मात्र विलक्षण. कुत्र्याचा, माणसाचा वास आला आणि वाट मोकळी असली तर दहापैकी नऊ वेळा ते निघून जातं. उरलेल्या वेळी तीन कारणं असतात: वाट बंद आहे, सोबत पिलं आहेत किंवा ते आधीच जखमी आहे.

आधी जखम वाचा

टाके घालायची घाई असते म्हणून जखम कुठे आहे याकडे कुणी बघत नाही. पण कुत्रं परत परत फाटत असेल तर कारण तिथेच लिहिलेलं असतं. मी गेल्या चार हंगामांत माझ्या आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्यांच्या जखमा बघून हे अंदाज बांधले आहेत, आणि ते बहुतेक खरे ठरले.

जखम समोर असेल, म्हणजे गळा, छाती, पुढच्या पायाचा वरचा भाग, तर कुत्रं धरायला गेलं होतं. त्याला कुणीतरी छू केलं किंवा सोबत दुसरी कुत्री होती. जखम मागे असेल, मांडीच्या आतल्या बाजूला किंवा कुशीला, तर कुत्रं परत फिरत होतं आणि त्याला निघायला जागा मिळाली नाही. मक्याच्या दाट ओळी, तारेचं कुंपण, केळीची पडलेली पानं, काहीतरी आडवं आलं. सरळ चीर नाही, चेंगरल्यासारखे दातांचे खड्डे आहेत, आणि पाय किंवा पाठ धरली आहे, तर ती पिलांची मादी होती. आणि गळ्याभोवती किंवा कमरेभोवती गोल कापल्यासारखी खूण असेल तर डुकराचा संबंधच नाही, तो फासा आहे.

खंड्याच्या तीन जखमा मी वहीत काढून ठेवल्या. पहिली छातीला. दुसरी आणि तिसरी डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला, जवळजवळ एकाच जागी. पहिली माझ्या ओरडण्यामुळे. दुसऱ्या-तिसऱ्याचं कारण शोधायला मी सकाळी चिखलात पाऊलखुणा बघत फिरलो, तेव्हा उलगडा झाला.

माझ्या मक्याला तीन बाजूंनी साड्या आणि तारा. चौथ्या बाजूला नाला. डुकरं नाल्यातून येतात आणि नाल्यातूनच जातात, गाळात रुळलेली वाट दिसते. माझा माळा, म्हणजे राखणीचं मचाण, त्या नाल्याच्या तोंडावर, कारण येताना दिसावीत म्हणून मी मुद्दाम तिथे बांधला होता. म्हणजे कुत्रंही तिथेच. डुकरं आत शिरल्यावर मी जागा व्हायचो, बॅटरी मारायचो, खंड्या नाल्याच्या तोंडाशी उभा राहून भुंकायचा. डुकरांना बाहेर पडायची एकच वाट आणि त्या वाटेत माझं कुत्रं. अख्खा कळप त्याच्या अंगावरून जायचा.

माळा मी घराकडच्या बांधावर हलवला. नाल्याचं तोंड मोकळं सोडलं. आता आवाज आणि उजेड घराच्या बाजूने होतो आणि डुकरं जिकडून आली तिकडेच निघून जातात. त्यानंतरच्या हंगामात खंड्याच्या अंगावर ओरखडाही नाही. तुमच्या शेताची रचना वेगळी असेल, पण एवढं एकदा दिवसाउजेडी बघून या: डुकराची परतीची वाट कोणती आणि तुमचं कुत्रं त्या वाटेवर उभं राहतं का.

उसाचं आणि केळीचं वेगळं आहे. रावेर-यावलच्या केळीत उन्हाळ्यातही ठिबकमुळे गारवा आणि ओल असते, म्हणून डुकरं दिवसा तिथेच पडून राहतात. म्हणजे तिथे ती येत-जात नाहीत, मुक्कामाला असतात. मादी व्यायच्या आधी गवत, पाला, मक्याची ताटं ओढून घरटं करते. तिचे दिवस साधारण ११५, म्हणजे पावणेचार महिने. असा पाल्याचा ढीग केळीत किंवा उसात दिसला तर त्या बाजूला महिनाभर कुत्रं नेऊ नका. पट्टेवाली पिलं दिसली तर तर नकोच. ऊसतोडीच्या वेळी शेवटचे चार-पाच सरे उरतात तेव्हा आतली सगळी डुकरं तिथे कोंडलेली असतात, आणि नेमकं तेव्हाच पोरं मजा म्हणून कुत्री सोडतात. त्या दिवशी कुत्री गावातच ठेवा.

कुत्र्याला परत बोलावता येतं का?

ज्याला हे जमत नाही त्याने कुत्रं रात्री मोकळं ठेवूच नये, असं माझं ठाम मत आहे. आपण कुत्र्याला जा म्हणायला शिकवतो, ये म्हणायला शिकवत नाही.

माझ्या माळ्याच्या खांबाला खिळ्यावर एक जुनी स्टीलची ताटली टांगलेली आहे. रोज संध्याकाळी ती चमच्याने तीनदा वाजवतो आणि खंड्याला कळण्याच्या भाकरीचा ताकात भिजवलेला तुकडा देतो. त्याचं जेवण वेगळं, हा तुकडा वेगळा आणि तो फक्त ताटलीवरच. पहिले आठ-दहा दिवस घरासमोर, मग शेतात, मग तो दुसऱ्या कुत्र्याशी खेळत असताना, मग मांजराच्या मागे लागलेला असताना. सुरुवातीला तीस फुटी दोर बांधून, म्हणजे आला नाही तर हळू ओढून आणता येतो. आला की कधीही रागवायचं नाही, काहीही करून आला असला तरी. दीड महिना लागला. आता अंधारात डुकराच्या समोरूनही ताटली वाजली की येतो. आवाजाने ओरडून बोलावलं तर जमत नाही, कारण आपण घाबरून ओरडतो आणि कुत्र्याला ते छू सारखंच वाटतं. ताटलीचा आवाज रोज एकसारखा असतो.

एक वर्षाखालचं कुत्रं, माजावर आलेली किंवा पिलं असलेली कुत्री आणि एकदा मोठी जखम होऊन गेलेलं कुत्रं यांना रात्रीच्या राखणीला मोकळं सोडू नये. मोठी जखम झालेली कुत्री दोनच प्रकारची होतात. काही नाल्याजवळ जायलाच घाबरतात, त्यांचं काही बिघडत नाही. काही मात्र वास आला की पिसाळल्यासारखी धावतात, त्यांना आवरणं अवघड जातं.

बांधून ठेवावं का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे आणि याचं सोपं उत्तर मला मिळालेलं नाही. तारेवर सरकणारी साखळी लावली तर कुत्रं बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतं आणि उसात जात नाही. मी एक हंगाम हे केलं. पण बांधलेलं कुत्रं अंगावर आलेल्या डुकरापासून पळू शकत नाही. आणि सातपुड्याच्या कडेला काय, चाळीसगावकडे गौताळ्याच्या बाजूला काय, बिबट्या आहे. साखळीवरचं कुत्रं बिबट्याला ताटात वाढून ठेवल्यासारखं होतं. ठेलारी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो लांडग्या-बिबट्यासाठी उपयोगी आहे, कारण ते गळा धरतात. डुक्कर गळा धरत नाही, खालून मारतं.

शेवटी मी पिंजरा केला. वेल्डिंगच्या जाळीचा, सहा फूट लांब, चार फूट रुंद, वरून पत्रा, माळ्याला खेटून. रात्री खंड्या त्यात. वास आला की भुंकतो, मी उठतो, उजेड आणि आवाज मी करतो. भुंकण्यासाठी कुत्र्याला शेतात फिरायची गरजच नाही, हे मला उशिरा कळलं. त्याचं नाक पिंजऱ्यातूनही तेवढंच चालतं. दिवसा तो मोकळा. काही जण म्हणतात असं कोंडलं की कुत्रं मंदावतं. माझा अनुभव उलटा आहे, दिवसभर झोपून आणि फिरून रात्री ताजा असतो.

जाकिटाबद्दल बरेच जण विचारतात. मी दुहेरी ताडपत्रीचं शिवून बघितलं. थंडीत रात्री ठीक, पण आपल्याकडे जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि कुत्र्याला अंगाने घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग गार करतं. छाती झाकलेलं कुत्रं पळालं की तापतं. तापलेलं, लाळ गाळणारं, झोकांड्या खाणारं कुत्रं दिसलं तर लगेच सावलीत नेऊन साध्या पाण्याने भिजवा आणि वारा घाला. जाकिटापेक्षा गळ्यात तीन बोटं रुंद जाड कॅनव्हासचा पट्टा, त्याला एक घुंगरू आणि चमकणारी पट्टी एवढं पुरतं. घुंगरामुळे कुत्रं कुठे आहे ते आपल्याला कळतं आणि डुकरालाही लांबून कळतं.

डुकराशिवायचे धोके

फासे आणि बॉम्ब. क्लच वायरचा फासा बांधातल्या बोळात लावलेला असतो, कुत्रं त्यातून जातं आणि जितकं ओढतं तितका आवळत जातो. शेताच्या कडेने फिरताना खिशात चांगली पक्कड ठेवा. अडकलेल्या कुत्र्याच्या तोंडाला आधी पंचा गुंडाळा, फाशाचा ताण ढिला करून मग वायर कापा. पिठाच्या किंवा चरबीच्या गोळ्यात स्फोटक घालून ठेवतात ते तर भयानकच. कुत्रं तोंडात घेतं आणि जबडा उडतो. यावर एकच उपाय आहे: शेतात पडलेलं काहीही न खाण्याची सवय लहानपणापासून. फासे किंवा असे गोळे दिसले तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि खांबावरची लाईन थेट कुंपणाला जोडणाऱ्याला, तो सख्खा भाऊ असला तरी, थांबवा. त्या करंटने डुकरापेक्षा जास्त माणसं आणि बैल गेलेले मी ऐकले आहेत. सोलरचं झटका मशीन वेगळं, ते क्षणभराचा झटका देतं आणि सोडतं.

फाटल्यावर पहिला अर्धा तास

मोत्याचं आता सांगतो. त्याच्या कुशीला सुपारीएवढं छिद्र होतं, रक्तही थोडंच. मी हळद भरली, कापूस लावला आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी त्याने भाकरी खाल्ली. चौथ्या दिवशी त्या बाजूचं अंग फुगलं, हात लावला की आत पाणी हललं. सहाव्या दिवशी वास यायला लागला, तेव्हा दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी छिद्रात बोट घातलं आणि ते बोट कातडीखाली आडवं, मागे, वर, कुठेही फिरत होतं. सुळ्याने कातडी मांसापासून हातभर सुटली होती आणि वरून दिसत होती फक्त सुपारी. आत पू भरला होता. सातव्या दिवशी गेला.

म्हणून पहिली गोष्ट: सुळ्याची जखम बाहेरून लहान दिसली तरी दवाखान्यात न्यायचीच, त्याच दिवशी, शक्यतो सहा-आठ तासांच्या आत. अशा छिद्राला वरून टाका मारून बंद करू देऊ नका असं मी सांगणार नाही, तो डॉक्टरांचा निर्णय आहे, पण आत किती पोकळी आहे ते बघा हे त्यांना नक्की सांगा. हळद, चुना, विडीची राख, रॉकेल, मिरची यातलं काहीही जखमेत घालायचं नाही.

माळ्यावर एका डब्यात या गोष्टी ठेवा: सलाईनची बाटली, वीस मिलीची सिरिंज, निर्जंतुक गॉज, दोन क्रेप बँडेज, स्वच्छ सुती पंचा, पोव्हिडोन आयोडीन, तोंड बांधायला नाडा, जाड गोधडी. सलाईन नसेल तर एक लिटर पाणी उकळून गार करा आणि त्यात नऊ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे चहाचे दीड सपाट चमचे.

आधी तोंड बांधा. तुमचं स्वतःचं, जीव लावलेलं कुत्रंसुद्धा दुखताना चावतं. मात्र त्याला श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका.

रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून तळव्याने दाबा आणि दहा मिनिटं उचलून बघू नका. बघायचा मोह फार होतो, पण उचललं की गोठलेलं निघतं. कापड भिजलं तर त्याच्यावर दुसरं ठेवा. वीस किलोच्या कुत्र्याच्या अंगात जेमतेम पावणेदोन लिटर रक्त असतं. अर्धा लिटर गेलं की जिवावर बेततं, आणि अर्धा लिटर म्हणजे पाण्याची लहान बाटली.

पोट फाटून आतडं बाहेर आलं असेल तर ते आत ढकलू नका. धुवायलाही बसू नका. सलाईनने ओला केलेला स्वच्छ पंचा त्यावर ठेवा, पोटाभोवती सैल गुंडाळा आणि कुत्र्याला ते चाटू देऊ नका. ते चाटता चाटता आतडं ओढतं. फळीवर किंवा ताणून धरलेल्या गोणपाटावर आडवं नेऊन गाडीत घाला. मोटरसायकलवर मांडीवर घेऊन नेणारे मी बघितले आहेत, त्यात पोट दुमडतं.

छातीला जखम असेल आणि श्वासाबरोबर तिथून फुसफुस आवाज येत असेल किंवा बुडबुडे दिसत असतील, तर हवा आत शिरते आहे. स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा, दुधाची धुतलेली पिशवीही चालेल, जखमेवर ठेवून बँडेजने धरा. फार आवळू नका, श्वास घेता आला पाहिजे. जखमेची बाजू खाली करून झोपवा. इथे वेळ घालवायचा नाही.

हिरड्या बघा. चांगल्या कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबून सोडलं की पांढरा ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी होतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, रंग परत यायला वेळ लागत असेल, पाय गार असतील तर कुत्रं शॉकमध्ये जातं आहे. गोधडीत गुंडाळा आणि निघा. पाणी, दूध, काढा काही पाजू नका, भूल द्यावी लागते तेव्हा पोटात काही नको.

घरातल्या दुखण्याच्या गोळ्या देऊ नका, कितीही विव्हळलं तरी. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं बंद पडतात. पॅरासिटामॉलही आपल्या अंदाजाने नको.

दवाखान्यात जाण्याआधी फोन करा. रात्री गुरांचा दवाखाना बंद असतो, आणि मी एकदा चाळीस मिनिटं कुलपासमोर उभा राहिलो आहे. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक फिरत्या पथकासाठी आहे. त्यांचं काम मुख्यतः जनावरांचं, तरी फोन करून जवळ कोण उपलब्ध आहे ते विचारता येतं. पण हंगाम सुरू होण्याआधीच दोन खाजगी डॉक्टरांशी बोलून ठेवा. छाती-पोटाची शस्त्रक्रिया कोण करतो, रात्री दार कोण उघडतो, हे तेव्हाच विचारून घ्या.

नंतरचे पंधरा दिवस

टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोपर्यंत चाटू द्यायचं नाही. गळ्यात घालायला जुन्या प्लास्टिक बादलीचा तळ कापून, कडा कापडाने मढवून कॉलर करता येते. खंड्याला पहिल्या दिवशी नको होती, तिसऱ्या दिवशी विसरला. पावसाळ्यात माश्यांपासून जपा, एका दिवसात अळ्या पडतात. पडल्याच तर त्यावर शेतातलं कीटकनाशक टाकू नका. फोरेट टाकलेलं एक कुत्रं तासाभरात गेलेलं मी बघितलं आहे. अळ्या काढणं हे डॉक्टरांचं काम आहे. प्रतिजैविकं जेवढे दिवस सांगितली तेवढे दिवस द्या, जखम सुकली म्हणून मधेच थांबवू नका.

रेबीजची लस दरवर्षी, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) मिश्र लसही दरवर्षी. लेप्टोचा जंतू उंदीर-डुकरांच्या लघवीतून ओल्या चिखलात राहतो आणि आपल्या जखमी पायातूनही शिरतो, म्हणजे ही काळजी फक्त कुत्र्यासाठी नाही.

कुत्र्यावरचा भार कमी करायचा तर पिकाकडेही बघावं लागेल. भुईमूग किंवा हरभऱ्याभोवती करडईच्या काटेरी ओळी, मक्याभोवती एरंडाच्या ओळी हे दाट पेरलं तर फरक पडतो. साड्या, केस, फटाके आठ-दहा दिवस चालतात, मग डुकरांना सवय होते. नुकसान झालं तर वनपरिक्षेत्र कार्यालयात लगेच अर्ज करा, सातबारा आणि फोटो जोडून पंचनामा मागा. अर्ज कंटाळवाणा आहे, पण भरपाई मिळते, मला दोनदा मिळाली.

पिंजरा करणाऱ्यांसाठी एक राहिलं. जाळी जमिनीवर नुसती टेकवू नका, वीतभर खोल गाडा आणि आतून कडेने दगड लावा. खंड्या दोनदा खालून उकरून निघाला होता. दुसऱ्या वेळी मला जाग आली ती भुंकण्याने नाही, पिंजऱ्यातून आवाज येत नाही म्हणून. मी अंधारात ताटली वाजवली, आणि तो नाल्याच्या बाजूने मातीने भरलेलं नाक घेऊन आला.